वाचून दाखविले, बरोबर आहे

“ऐकू येत नाही तर कोर्टात कशाला आलात, आजीबाई? देवळात जाऊन बसायचं. तिथं कुणी उलट काही विचारत नाही.”

न्यायाधीश साहेब असं म्हणाले आणि कोर्ट हसलं.

पिंजऱ्यात शेवंताबाई लोखंडे उभ्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, हिरवट लुगडं, उजवा हात कानामागे धरलेला. सगळे का हसले ते न कळल्यामुळे त्याही थोड्या हसल्या.

“मोठ्यानं विचारा हो,” साहेब समोरच्या वकिलांना म्हणाले. “नाहीतर बँडवाला बोलावू का एखादा?”

पुन्हा हशा. मीही हसले. दुसऱ्या रांगेत, खिडकीपाशी बसले होते मी. नुसती हसले नाही, साहेबांना दिसेल अशी हसले. त्यांची नजर रांगेवरून फिरली, माझ्यावर क्षणभर थांबली, आणि मला बरं वाटलं. आणखी एक केस झाली की माझं नाव पुकारलं जाणार होतं. माझी चौदा महिन्यांची मुलगी, मिहिका, माझ्याकडे राहणार की तिच्या वडिलांकडे, हे ठरवणारा तो एकच माणूस होता.

वकिलांनी खाकरून मोठ्याने विचारलं, “ही खोली तुमच्या पुतण्याची आहे. तुम्हाला नुसती राहायला दिलेली आहे. बरोबर?”

शेवंताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, साहेबांकडे पाहिलं. साहेब पेनाने टेबलावर टकटक करत होते.

“हो की नाही? मी काय दिवसभर तुमच्यासाठीच बसलोय?”

“व्हय,” शेवंताबाई म्हणाल्या.

त्या ‘हो’ म्हणाल्या ते प्रश्नाला नव्हे, टकटकीला. दुसऱ्या रांगेतून ते स्वच्छ दिसत होतं. साहेबांनी मान डावीकडे वळवून स्टेनो बागवान मॅडमना मजकूर सांगितला, मॅडमची बोटं चालली, प्रिंटर कुरकुरला. पट्टेवाले तात्या शाईचा डबा घेऊन आले. त्यांनी शेवंताबाईंचा अंगठा धरला आणि कागदाच्या तळाशी टेकवला. अंगठा पदराला पुसत त्या खाली उतरल्या.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली.

हेमंतने, म्हणजे मिहिकाच्या वडिलांनी, मुलीचा ताबा मागणारा अर्ज केला होता. मिहिका पाच महिन्यांची असताना मी ते घर सोडलं. का सोडलं ते इथे सांगत नाही. त्या दिवशी कोर्टातही ते कुणी विचारलं नाही. असले खटले बंद दाराआड चालवायचे असतात, असं माझे वकील कस्तुरे यांनी सांगितलं होतं. आमच्या तालुक्याच्या कोर्टाला दार होतं, ते बंद कुणी करत नसे.

कस्तुरे वकिलांनी मला आणखीही बरंच सांगितलं होतं. साडी नेसून या. हातात बांगड्या असू द्या. साहेबांच्या डोळ्यांत बघून बोलू नका, त्यांना आवडत नाही. विचारलं तेवढंच बोला. “आणि साहेब थोडे फटकळ आहेत,” ते म्हणाले होते, “पण मनात काही नसतं हो त्यांच्या.” शंभर वेळा ऐकलं असेल मी हे वाक्य लोकांबद्दल. हेमंतबद्दलही त्याची आई हेच म्हणायची.

पुढची केस सुरू झाली तशी मी बाहेर व्हरांड्यात आले. आई बाकावर मिहिकाला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या शेजारी शेवंताबाई. मिहिकाने त्यांच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला होता.

“पाज तिला लवकर,” आई म्हणाली. “सकाळपासून नीट घेतलेलं नाही. किरकिर करत्येय.”

मी भिंतीकडे तोंड करून बसले. मिहिका दोन घोट घ्यायची आणि आवाज आला की मान वळवायची. माझं सगळं लक्ष दाराकडे. तात्यांनी पुकारलं आणि आपण नसलो तर काय, हीच धास्ती.

“तायडे,” शेवंताबाई म्हणाल्या, “तू आत हुतीस न्हवं?”

“हो, आजी,” मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले.

“मग सांग की. त्यांनी काय इचारलं मला? मी आपली व्हय म्हणले. रागावल्यालं दिसत हुतं म्हणून.”

“तुमच्या वकिलांना विचारा ना.”

“त्यो गेला की दुसऱ्या कोर्टात. तू शिकल्याली दिसतीस.”

त्यांना काय विचारलं होतं ते मी शब्दन् शब्द ऐकलं होतं. मिहिकाला आईकडे देता देता मी म्हणाले, “काही नाही आजी. नाव-गाव विचारलं. झालं तुमचं.”

“झालं म्हंतीस?” त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. “बरं झालं बाई. जीव टांगणीला लागला हुता.”

तेवढ्यात आतून तात्यांचा आवाज आला. “हेमंत दुधाणे विरुद्ध शलाका दुधाणे. शलाका दुधाणे हाजीर आहेत का?”

मी ब्लाउजची हुकं लावत पळतच आत गेले.

शपथ घेतली. हेमंत पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. पिंजरा बाहेरून वाटतो त्यापेक्षा अरुंद असतो. मी कठडा धरला आणि लगेच सोडला, कारण कस्तुरे वकील दोन्ही हात पुढे जोडून कसं उभं राहायचं ते मला खालून दाखवत होते.

हेमंतचे वकील इंगवले उठले.

“तुम्ही नोकरी करता?”

“हो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे.”

“वेळ काय?”

“आठ ते चार.”

“म्हणजे आठ ते चार तुम्ही मुलीकडे लक्ष देऊ शकत नाही.”

“लॅब घरापासून दोन गल्ल्या पुढे आहे. मी दर अडीच-तीन तासांनी घरी जाऊन तिला—”

“बाई.” साहेबांनी पेन उचललं. “गल्ल्या कुणी विचारल्या? देऊ शकता की नाही?”

“मी नसते तेव्हा माझी आई—”

“आईचा तपास नाही चाललेला. तुम्ही. तुम्ही देऊ शकता का?”

“आठ ते चार पूर्ण वेळ नाही, साहेब, पण—”

“म्हणजे नाही. अर्धा तास लागतो तुम्हा शिकलेल्या बायकांना एक ‘नाही’ म्हणायला.” मागे कुणीतरी हसलं. साहेब डावीकडे वळले. “लिहा, मॅडम. हे म्हणणे खरे आहे की, नोकरीमुळे मी मुलीकडे लक्ष देऊ शकत नाही.”

बागवान मॅडमची बोटं क्षणभर थांबली आणि मग चालली.

बाहेर मिहिका रडायला लागली.

कधी आई तिला लॅबवर घेऊन आली, तर तिचं भुकेचं रडणं मला मशीन चालू असतानाही ओळखू यायचं. आई तिला थोपटत होती, खोकल्यासारखे आवाज काढून हसवत होती, तेही ऐकू येत होतं. मला पान्हा फुटला. मी पदर पुढे ओढला. कस्तुरे वकिलांचं साडीचं फर्मान त्या एका क्षणी कामी आलं.

“कुणाचं पोर आहे ते?” साहेब म्हणाले. “तात्या, बघा जरा.”

“माझी मुलगी आहे, साहेब.”

“बघा, इंगवले.” साहेब मागे रेलले. “तुम्हाला वेगळा पुरावा द्यायची गरजच नाही. पोर तिकडे रडतंय आणि आई इकडे.”

यावर पूर्ण कोर्ट हसलं. इंगवले हसले, पुढच्या केसचे वकील हसले, तात्या तोंडावर हात धरून हसले. हेमंत हसला. कस्तुरे वकिलांकडे पाहिलं, तर त्यांनीही अर्धवट, दात न दाखवता, हसून घेतलं. माझ्या मघाच्या हसण्याइतकंच ते हिशेबी होतं.

“साहेब,” मी म्हणाले, “तिला भूक लागली आहे. पाच मिनिटं मिळाली तर मी पाजून येते.”

“हे कोर्ट आहे, बाई. बाळंतिणीची खोली नव्हे. आधी ठरवायचं असतं हे सगळं. नोकरी करायची, कोर्टात भांडायचं, का पोर सांभाळायचं. सगळं कसं जमेल?”

त्यानंतर इंगवल्यांनी सात-आठ प्रश्न विचारले. त्यांना मी काय उत्तरं दिली ते मला आठवत नाही. मिहिकाचं रडणं वर चढत होतं. साहेब प्रत्येक उत्तराचं स्वतःच्या शब्दांत वाक्य करून मॅडमना सांगत होते, आणि मी मान हलवत होते. लवकर संपावं एवढंच मला हवं होतं. हे संपलं की बाहेर जायचं.

प्रिंटर कुरकुरला. तात्यांनी दोन कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं आणि बोटाने जागा दाखवली. “इथं, आणि मागच्यावर इथं.”

मी पेन उचललं.

मी लॅबमध्ये काम करते. रोज साठ-सत्तर नळ्या माझ्या हातून जातात. पहिल्या दिवशी आमच्या डॉक्टर मॅडमनी मला शिकवलं होतं, रिपोर्ट कुणाचाही असो, घाई कितीही असो, वरचं नाव आणि खालचा आकडा वाचल्याशिवाय सही करायची नाही. एकदा केली होती मी. एका बाईची कावीळ दुसरीच्या नावावर गेली होती. तेव्हापासून माझा हातच थांबतो. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं. बाहेर मुलगी रडत असतानाही हात थांबला आणि डोळे वरच्या ओळीवर गेले.

“वाचताय काय, बाई?” तात्या कुजबुजले. “सही करा.”

मी वाचत गेले. ‘हे म्हणणे खरे आहे की, नोकरीमुळे मी मुलीकडे लक्ष देऊ शकत नाही.’ गल्ल्या नव्हत्या. अडीच-तीन तास नव्हते. आई नव्हती. खाली आणखी एक होतं, ‘मुलगी आजारी पडल्यास रजा मिळेल याची मी खात्री देऊ शकत नाही.’ हे मी बोलले होते की नव्हते, मला माहीत नव्हतं. आणि सगळ्यांत शेवटी, माझ्या सहीच्या जागेच्या बरोबर वर, छापलेलं होतं: ‘वाचून दाखविले, बरोबर आहे.’

तेव्हा मला राग आला. बाळंतिणीच्या खोलीवर आला नव्हता, तेव्हा नुसती लाज वाटली होती. या चार शब्दांवर आला. इतकं सरळ, इतकं सवयीचं खोटं, आणि ते माझ्या सहीने खरं होणार होतं.

कस्तुरे वकील जवळ आले. “करा सही, शलाकाताई. आपण नंतर बघू काय ते.”

“साहेब,” मी म्हणाले, “हे मला वाचून दाखवलेलं नाही.”

साहेबांनी पुढची फाइल उघडली होती. “काय?”

“खाली लिहिलंय, वाचून दाखविले. मला कुणी वाचून दाखवलं नाही.”

कोर्टात खुसखुस झाली आणि थांबली.

“तुम्हाला वाचता येतं ना?”

“येतं. म्हणूनच वाचलं. पहिल्या पानावरचं हे वाक्य माझं नाही. मी म्हणाले होते की मी दर अडीच-तीन तासांनी घरी जाऊन मुलीला पाजते.”

“कस्तुरे, तुमच्या अशिलाला समज द्या.”

“हो, साहेब. शलाकाताई—”

“तुम्ही आता कोर्टाला काम शिकवणार?” साहेबांचा आवाज चढला. “कोर्टाचा अवमान म्हणजे काय, कळतं? आत बसाल. मग ते पोर कुणाकडे राहील, याचा विचार करा.”

त्यांनी नेमकं तेच म्हटलं होतं, ज्याच्या भीतीने मी सकाळपासून हसत होते. आता ते म्हणून झालं होतं. आता हसून काही वाचणार नव्हतं.

“मी शिकवत नाही, साहेब. माझं वाक्य नाही, म्हणून मी सही करू शकत नाही.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “ठीक आहे. यांचा हट्ट पुरवू या. मॅडम, दाखवा वाचून. मोठ्यानं वाचा, म्हणजे बाईंचं समाधान होईल.”

बागवान मॅडम उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, चष्म्याला दोरी. मी त्यांचा आवाज तोपर्यंत ऐकलाच नव्हता. त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. त्या वाक्यापाशी आल्या आणि थांबल्या.

“वाचा पुढे.”

“साहेब,” मॅडम म्हणाल्या, कागदावरून मान वर न करता, “साक्षीदार म्हणाल्या होत्या, लॅब दोन गल्ल्या पुढे आहे. दर अडीच-तीन तासांनी जाते. आणि आई सांभाळते, असंही म्हणत होत्या. रजेचं त्या काही बोलल्या नाहीत. गप्प होत्या.”

आवाज इतका बारीक होता की मागच्या रांगांना ऐकूही गेलं नसेल. पण पंखा होता, मिहिकाचं रडणं होतं आणि हे. दुसरं काहीच नव्हतं.

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमना रोज त्यांच्या डाव्या हाताला बसायचं होतं, उद्याही आणि परवाही.

“दुरुस्त करा,” ते म्हणाले.

मॅडमनी दुरुस्त केलं. प्रत्येक वाक्य टाइप करताना त्या पुटपुटल्यासारखं वाचत गेल्या, मला ऐकू येईल असं. पुन्हा प्रिंट निघणार तेवढ्यात साहेब म्हणाले, “थांबा. खाली आणखी एक नोंद घ्या. कोर्टाला साक्षीदाराच्या वर्तनाची नोंद घेण्याचा अधिकार आहे. लिहा. साक्ष देताना साक्षीदाराचे वर्तन उद्धट व आक्रमक असल्याचे दिसून आले.”

कस्तुरे वकिलांनी डोळे मिटून घेतले.

“मग बाळंतिणीच्या खोलीचंही लिहा, साहेब,” मी म्हणाले. “मी उद्धट कशावरून झाले, ते वाचणाऱ्याला कळायला हवं.”

या वेळी कुणी हसलं नाही.

“पुढचं मॅटर,” साहेब म्हणाले.

ते लिहिलं गेलं नाही. साक्षीदाराचं वर्तन लिहायला कागदावर जागा असते. साहेबांचं वर्तन लिहायला नसते. मी उद्धट आणि आक्रमक या शब्दांखाली सही केली. निदान ते मला वाचून दाखवलेलं होतं.

बाहेर आले तेव्हा मिहिका रडून रडून झोपली होती. गाल चिकट, हुंदके झोपेतही येत होते. मी तिला उचलून छातीशी धरलं आणि बाकावर पाहिलं.

“आजी कुठे गेल्या?”

“दोनच्या एसटीने गेल्या,” आई म्हणाली. “तुझं नाव विचारत होत्या. म्हणाल्या, पोरगी गुणाची आहे, हिच्या मनासारखं होऊ दे. का गं?”

मी कस्तुरे वकिलांना गाठलं. ते माझ्यावर चिडले होते, मुकाट्याने फाइल बांधत होते. मी म्हटलं, त्या लोखंडेबाईंना प्रश्न कळलाच नव्हता, त्यांचंही वाक्य दुरुस्त होईल का.

“ते आपलं मॅटर नाही,” ते म्हणाले. “आणि तुमचं स्वतःचं आज तुम्ही काय करून ठेवलंय, ते आधी बघा.”

आठ महिन्यांनी निकाल लागला. ते आठ महिने मी कुठेही तोंड उघडलं नाही. दारावर थाप पडली तरी मिहिकाला उचलून आतल्या खोलीत जायची. निकालात साहेबांनी लिहिलं होतं की आई उद्धट स्वभावाची असली तरी दर अडीच-तीन तासांनी घरी जाऊन मुलीला पाजते आणि एरवी मुलगी आजीच्या देखरेखीत असते, हे पुराव्यात आलेलं आहे. सबब मुलगी आईकडे राहील. एका वाक्यावर राहिली ती माझ्याकडे. ते वाक्य मूळ कागदावर नव्हतंच.

निकालाची नक्कल घ्यायला गेले तेव्हा बागवान मॅडम जिन्यात भेटल्या. मी आभार मानायला लागले तर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हात हलवला. मी शेवंताबाईंचं विचारलं.

“लागला निकाल. खोली सोडायला लागली.”

“मग कुठे गेल्या त्या?”

“ते कागदात नसतं,” मॅडम म्हणाल्या.

त्या आठवड्यात मी जिल्हा न्यायाधीशांकडे तक्रार लिहिली. साहेबांचं नाव इथे लिहीत नाही, तिथे लिहिलं होतं. लॅबमध्ये दुपारी काम कमी असायचं. मिहिका स्टुलावर बसून नळ्यांच्या रिकाम्या लेबलांवर रेघोट्या मारायची आणि मी समोर बसून लिहायची. देवळात जाऊन बसायचं. बँडवाला बोलावू का. बाळंतिणीची खोली. पोर तिकडे आणि आई इकडे. टकटकसुद्धा लिहिली. तारीख, वेळ, कोण कुठे बसलं होतं, सगळं. तीन पानं झाली, आणि कच्चा मजकूर कस्तुरे वकिलांना दाखवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. “चांगलं लिहिलंय,” ते म्हणाले. “होणार काही नाही, एक पोच येईल. पण लिहिलंय चांगलं. फक्त शेवटचा परिच्छेद काढा.”

“का?”

“अहो, त्याने तुमचीच बाजू पडते. तुम्ही अन्यायाबद्दल लिहिताय आणि शेवटी स्वतःलाच गोवताय. कशाला? ते कुणाला माहीत नाही. कुणी विचारणार नाही.”

मी कागद परत घेतले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पक्का मजकूर उतरवून काढला. शेवटचा परिच्छेदही उतरवला.

‘त्या दिवशी श्रीमती शेवंताबाई लोखंडे यांच्यावर जे हसले, त्यांत मी होते. साहेबांनी माझ्याकडे पाहावे म्हणून मी हसले. नंतर शेवंताबाईंनी मला, कोर्टाने काय विचारले, असे विचारले. मला ते माहीत होते. मी त्यांना खोटे सांगितले.’

मग पहिल्या पानापासून सगळं मोठ्याने वाचलं. मिहिका रेघोट्या थांबवून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वाचून झालं. बरोबर होतं. सही केली.